नॉनकम्युटेटिव्ह अवकाश खरा, की लिहिण्याची सोय?

रेषाखंड: स्ट्रिंग सिद्धांतात ब्रेनवर (ओपन स्ट्रिंगची टोकं ज्यावर टेकतात त्या पृष्ठावर) बी-क्षेत्र (स्ट्रिंगशी जोडलं जाणारं, चुंबकीय क्षेत्रासारखं क्षेत्र) आलं की अवकाशच नॉनकम्युटेटिव्ह होतो, म्हणजे एक्स गुणिले वाय आणि वाय गुणिले एक्स सारखे राहत नाहीत, असं सर्रास लिहितात. मला पटत नाही. सपाट अवकाशात बी सगळीकडे सारखं असेल तर क्लोज्ड स्ट्रिंगला (टोकं नसलेल्या बंद कड्याला) त्याचा पत्ताही लागत नाही; जाणवतं ते ब्रेनवर टेकलेल्या ओपन स्ट्रिंगच्या टोकांना. तिथेही बी एकटं येत नाही, ब्रेनवरच्या गेज क्षेत्राच्या (विद्युतचुंबकीय क्षेत्रासारख्या क्षेत्राच्या) तीव्रतेशी, म्हणजे एफशी, बेरीज होऊनच येतं. थोडं बी एफमध्ये ढकला, भौतिकी तीच. १९९९ साली सायबर्ग आणि विटन यांनी साध्या गेज क्षेत्रातून नॉनकम्युटेटिव्हमध्ये जायचा नकाशाच (एका वर्णनातून दुसऱ्यात नेणारं सूत्र) दिला. मग ही चलराशींची निवड झाली, अवकाशाचा गुण नव्हे.

काटकोन: बेरीज मान्य. पण ब्रेन बाहेरच्या क्षेत्रांशी जोडला कसा जातो ते बघा. नॉनकम्युटेटिव्ह सिद्धांतात गेज रूपांतर (भौतिकी तीच ठेवून वर्णन बदलणं) बिंदूलाच जागेवरून हलवतं, त्यामुळे एका बिंदूपुरती गेज-अचल (या रूपांतरानं न बदलणारी) राशी मिळत नाही. ग्रॅव्हिटॉन (गुरुत्वाचा कण) ब्रेनशी जोडला जातो तो उघड्या विल्सन रेषेमार्फत (टोकं न जुळणारी रेषा, जिच्यावरून गेज क्षेत्र गोळा केलं जातं). रेषेची लांबी संवेग गुणिले थीटा (नॉनकम्युटेटिव्हपणाचं माप), दिशा संवेगाला काटकोनात. संवेग दुप्पट केला की रेषा दुप्पट! एरवी संवेग वाढला की बारीक तपशील दिसतो, इथे आडवा पसारा वाढतो. याला सोय म्हणायचं?

रेषाखंड: हो, कारण २००१मध्ये ओकावा-ओगुरी आणि इतरांनी रॅमाँ-रॅमाँ क्षेत्राशी (ब्रेन ज्याचा भार वाहतो त्या क्लोज्ड स्ट्रिंगच्या क्षेत्राशी) होणारी जोडणी दोन्ही भाषांत लिहिली. ती एकच असली पाहिजे, एवढ्या अटीतून नकाशाचं पूर्ण सूत्र निघालं. त्यात तुमची विल्सन रेषा आहेच.

लांडाऊपातळी: चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनला सर्वांत खालच्या ऊर्जापातळीवर कोंडलं की त्याचेही एक्स आणि वाय गुणाकारात क्रम पाळू लागतात. अवकाश बदलला असं तिथे कोणी म्हणत नाही. मी रेषाखंड यांच्या बाजूनं.

काटकोन: पण त्या पातळीवर राहायचं तर दुसरे निर्देशांक उरतातच कुठे? सायबर्ग-विटन सीमेतही (त्यांनी घेतलेल्या लिमिटमध्येही) हेच होतं. आल्फा-प्राइम (स्ट्रिंगच्या लांबीचा वर्ग) शून्याकडे जातो, क्लोज्ड स्ट्रिंगचं मेट्रिक (अंतराचं माप) त्याहून वेगानं, आणि ब्रेनवर गुरुत्वापासून सुटलेला नॉनकम्युटेटिव्ह सिद्धांत शिल्लक राहतो. साध्या चलराशींत तोच लिहायला गेलं तर थीटाच्या घातांची न संपणारी मालिका ओढत बसावी लागते. शिवाय मिनवाला, व्हॅन रॅम्सडाँक आणि सायबर्ग यांनी १९९९मध्येच दाखवलं की या सिद्धांतांत अतिउच्च संवेगाच्या लूपचा (क्वांटम गणितातल्या बंद फेऱ्यांचा) ठसा अगदी कमी संवेगावर उमटतो. थीटा शून्य केला की तो ठसा हळूहळू पुसला जात नाही. रेषाखंड, एवढंच सांगा: तुमच्या नकाशात एकेक पद जोडत गेल्यावर हा ठसा कितव्या पदात सापडतो?