सुरीला धार लावायची तर पाठीला डबा बांधूनच!

बोथट सुरी (धागा काढणारा)

'दगडावर हात बसायला वेळ लागतो, पण ते पोहण्यासारखं आहे, एकदा आलं की जात नाही.' हे वाक्य मी सहा वर्षांत निदान चार जणांकडून ऐकलं. मी पोहायला शिकलो तो मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, आणि आठवड्याभरात डबा सुटला. दगडावर मात्र सहा वर्षं झाली तरी सुरी टोमॅटोवरून घसरायचीच.

शेवटी गेल्या दिवाळीत, पातं आणि दगड यांच्यातला कोन धरून देणारं यंत्र घेतलं. पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पातं शिकंज्यात आडवं पकडतात. समोरच्या खांबावर एक फिरता सांधा असतो, त्यातून लांब सळई जाते आणि सळईला धारेचा दगड लावलेला असतो. सांधा वर-खाली केला की कोन बदलतो. लॅन्स्की कंपनीच्या संचात तर तेही करावं लागत नाही, चार भोकंच असतात, १७, २०, २५ आणि ३० अंशांची. माझं यंत्र म्हणजे असल्याच एका महागड्या यंत्राची स्वस्त नक्कल आहे, नाव घेण्यासारखं काही नाही.

पहिल्याच रविवारी ४००, १००० आणि ३००० ग्रिटचे दगड (आकडा मोठा तितका दगड बारीक) ओळीने फिरवले. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवून ओढली आणि फोड पडली. बायको म्हणाली, आता हिला कुलपात ठेवा.

तर माझं मत असं की रोजचा स्वयंपाक करणाऱ्या माणसाने मोकळ्या हाताने धार लावायला शिकणं ही हौस आहे, गरज नव्हे. पटत नसेल तर या मैदानात.

हात बसलेला

आलो. महिन्यातून एकदा पाच मिनिटं घासत असाल, तर सहा वर्षांत एकूण सहा तास झाले. सहा तासांत पोळीसुद्धा गोल होत नाही हो.

कोनाचा एवढा बाऊ कशाला? पातं ४५ मिलीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साडेअकरा मिलीमीटर उचला, १५ अंश झाले. साडेपंधरा उचला, २० झाले. सुरुवातीला नाण्यांची चळत ठेवून उंची बघायची, नंतर बोटांनाच कळतं.

खरी विद्या कोनात नाही, बर ओळखण्यात आहे. एका बाजूने घासत गेलं की धारेचं पोलाद पलीकडे दुमडून येतं. पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच बाहेर ओढला की खरखर लागते. (धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नये, कापेल.) मुठीपासून टोकापर्यंत ही खरखर सलग आली तरच बाजू बदलायची, आणि शेवटी दाब कमी करत करत ती काढून टाकायची. बर राहिली तर सुरी पहिले दोन टोमॅटो झकास कापते आणि तिसऱ्याला ढेपाळते. तुमचं यंत्र यातलं काय करून देतं?

आणि डबा लहानपणी ठीक. चाळिशीत डबा बांधून विहिरीवर जाणार?

बोथट सुरी

डबा बांधून का होईना, मी पाण्यात आहे. काठावर उभं राहून हातवारे करणाऱ्यांपेक्षा बरं.

बरीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मला ती पहिल्यांदा बोटाला लागली ती यंत्रावरच. मोकळ्या हाताने दर फेरीला कोन एवढा हलायचा की कधी धारेवर घासतोय आणि कधी तिच्या मागच्या उतारावर, तेच कळत नव्हतं. सहा वर्षं बर आलीच नाही, मग ओळखणार काय?

पेठेतली सुगरण

तुम्हा दोघांकडे फार वेळ दिसतो. आमच्याकडे सायकलवर चाक बसवलेले धारवाले काका महिन्या-दोन महिन्यांनी येतात. सायकल स्टँडवर लावतात, पायडल मारतात, ठिणग्या उडतात, नातू बघत बसतो. चार सुऱ्या, दोन कात्र्या आणि एक विळी, दहा मिनिटांत काम फत्ते. अंश मोजायला कंपासपेटी लागत नाही.

लेथवाला

काकू, त्या काकांवर माझा राग नाही, पायडलच्या चाकाला तेवढा वेग नसतो. पण मोटरचं कोरडं चाक लावणाऱ्यांपासून सांभाळून. धारेची कड कागदाहून पातळ, तिथे उष्णता साचते. पोलादावर निळा डाग दिसला म्हणजे ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं. कारखान्यात पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे कठीणपणा, तेवढ्या जागेपुरतं उतरलं. पुढे कितीही धार लावा, त्या जागी टिकणार नाही, तो भाग झिजून जाईपर्यंत.

दुसरं म्हणजे चाकावर मुठीजवळचा भाग जास्त खाल्ला जातो आणि तिथे धारेत खळगा पडतो. पातं पाटाला सलग टेकत नाही. कोथिंबीर चिरल्यावर देठांची माळ उचलून येते का तुमच्याकडे?

पेठेतली सुगरण

येते. मी समजत होते कोथिंबीरच जून आहे.

(तरी काकांना बोलायचं काम नाही. यंत्र विकत घेऊन कपाटात ठेवणारे तिघे माझ्याच घरात आहेत.)

बे एरियातला

इकडे अमेरिकेत, सॅन होजेत, धारवाला सायकलवर येत नाही, त्यामुळे मला पर्याय नव्हता. दोन जपानी सुऱ्या आहेत, एक सांतोकू आणि एक लांब ग्युतो. पोलाद व्हीजी-१०, कठीणपणा रॉकवेलच्या मोजणीत ६० च्या आसपास. जर्मन सुऱ्या साधारण ५६ ते ५८ असतात. कठीण पोलाद दर बाजूला १५ अंशांचा निमुळता कोन पेलतं, मऊ पोलाद त्याच कोनात आठवड्याभरात दुमडतं. म्हणून साध्या स्टीलच्या सुरीला २० अंशच द्या. इंटरनेटवर १५ चं कौतुक वाचून घरच्या साध्या सुरीला १५ देणाऱ्यांना मी हात जोडतो.

यंत्राबद्दल मी कुंपणावर. वर्षभर वापरलं, मग विकलं. शिकंज्याने पात्यावर ओरखडे उमटले, आणि मासे सोलायची लवचीक सुरी त्यात धरली की दगडाच्या दाबाने वाकायची. पातं वाकलं की कोन गेला, मग सळई कितीही सरळ असो. आता किंग कंपनीचा १०००/६००० असा दुहेरी पाण्याचा दगड वापरतो.

हात बसलेला

घ्या! डबा सुटला एकाचा.

बोथट सुरी

अहो, वर्षभर डबा बांधूनच शिकले ना ते? ही साक्ष माझ्या बाजूची आहे.

लेथवाला

भांडण चालू द्या, पण यंत्रवाल्यांच्या एका गैरसमजाबद्दल बोलतो. 'दगड कायम त्याच कोनात सरकतो' हे अर्धंच खरं आहे.

धार सरळ असेल तिथे पूर्ण खरं. बरेच जण म्हणतात, टोकाकडे जाताना सळई जास्त लांब पडते म्हणून कोन कमी होतो. चूक. सांध्याचा बिंदू आणि धारेची सरळ रेषा मिळून एकच प्रतल ठरतं, दगड त्याच प्रतलात सरकतो. सळई कितीही तिरकी होवो, कोन तोच.

गडबड होते पोटाला, म्हणजे धार जिथून टोकाकडे वळते तिथे. तिथे दगड धारेच्या त्या जागच्या स्पर्शरेषेवर टेकतो, आणि सांध्यापासून ती रेषा किती दूर आहे त्यावर कोन ठरतो. एक हिशेब करून बघितला. सरळ धार सांध्यापासून १० सेंटीमीटरवर, तिथे कोन २० अंश. टोक त्या सरळ रेषेच्या अडीच सेंटीमीटर आत, आणि टोकाशी धार ३१ अंशांनी वळलेली. आता शिकंजा मुठीजवळ लावला, म्हणजे टोकाच्या १५ सेंटीमीटर मागे, तर टोकाशी कोन उरतो साधारण साडेचौदा. १० सेंटीमीटर मागे लावला तर साडेसतरा. ७ सेंटीमीटर मागे लावला तर जवळपास २०.

म्हणजे शिकंजा कुठे लावता यावर सगळं आहे. प्रत्येक सुरीची जागा एकदा शोधायची आणि लिहून ठेवायची. शिवाय दगड बदलला की त्याची जाडी बघा. सांध्यापासून धार २० सेंटीमीटरवर असेल तर दगड २ मिलीमीटर जाड निघाला तरी अर्ध्या अंशाहून थोडा जास्त फरक पडतो. अर्धा अंश भाजीला कळत नाही, पण बारीक दगडाला कळतो, तो धारेला टेकतच नाही.

हात बसलेला

लेथवाले, हे सगळं गणित माझं मनगट न सांगता करतं. पोटाशी आलो की मूठ आपोआप वर उचलली जाते.

लेथवाला

तुमचं उचललं जातं. धागाकर्त्याचं सहा वर्षं उचललं गेलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यात चिडण्यासारखं काय?

ओट्यावरचा

मला कोणत्याच पक्षाचं पटलेलं नाही. तुम्ही सगळे धार लावण्यावर भांडताय, ती जाते कुठे ते कोणी विचारलं नाही.

आमच्या घरात कांदा स्टीलच्या ताटात चिरतात, लिंबू थेट ओट्यावर. ओटा ग्रॅनाइटचा. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी असते, ती सुरीच्या पोलादापेक्षा कठीण. तीन हजार ग्रिटपर्यंत नेलेली धार तिथे चार लिंबं टिकणार नाही. वर सुरी घासून इतर भांड्यांबरोबर टोपलीत फेकायची, की धार चमच्यांवर आपटते. मी लाकडी पाट आणला आणि सुरीला वेगळी जागा केली, एवढंच. धार लावायचं काम वर्षातून दोनदावर आलं. वर्षातून दोनदासाठी हजारोंचं यंत्र घ्यायचं की हार्डवेअरच्या दुकानातला साधा दुहेरी कार्बोरंडमचा दगड, तुम्हीच ठरवा.

आणि काचेचा 'चॉपिंग बोर्ड' भेट देणाऱ्या नातेवाइकांवर वेगळा धागा काढावा म्हणतो.

बोथट सुरी

हे मात्र लागलं. आमच्याकडेही ताटच. पण उलटं बघा, वर्षातून दोनदाच लावायची तर हात कधी बसणार? सवय मोडते. वर्षातून दोनदा करायच्या कामालाच यंत्र हवं.

ओट्यावरचा

हम्म. हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. दगड मात्र परत करत नाही.

परसदार

आमची आजी कडप्प्याच्या कडेवर सुरी चार वेळा पुढे-मागे करायची आणि कापायला घ्यायची. कधी लोणच्याची बरणी उलटी करून तिच्या बुडावर. कुठले अंश आणि कुठलं काय.

लेथवाला

बरणीच्या बुडाला तो जो रोगण न लागलेला खरखरीत गोल असतो, तो खरोखर काम करतो. भाजलेली चिनीमाती पोलादाहून कठीण, त्यामुळे बारीक दगडच समजा. कडप्पा मात्र चुनखडीचा, धार दिलेल्या पोलादापेक्षा मऊ. त्यावर नवीन धार निघत नाही, वळलेली धार जराशी सरळ होते. तेवढ्यानेही सुरी दोन दिवस कापते, म्हणून आजी चूक नव्हती. फक्त वर्षानुवर्षं तेच केलं की कड गोल होत जाते आणि मग बरणीही हात टेकते.

हात बसलेला

बघा, आजीलासुद्धा यंत्र लागलं नाही.

बोथट सुरी

आजी विळीवर बसायची हो, सुरी वरकामाला. असो. लेथवाल्यांनी सांगितलेलं काल रात्री करून पाहिलं. धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरवला, नेहमीच्या जागी म्हणजे मुठीजवळ शिकंजा लावला (तिथे पातं जाड असतं, पकड चांगली बसते, म्हणून मी आपला तिथेच लावायचो) आणि दगडाच्या पाच फेऱ्या मारल्या. सरळ भागावरची शाई साफ गेली. टोकाकडे मात्र शाई मागच्या उतारावरून गेली, ऐन कडेवर काळी रेघ तशीच. म्हणजे गेलं वर्षभर टोकाच्या चारेक सेंटीमीटरला धारच लागत नव्हती. मी टोमॅटो कापून दाखवत होतो तो पात्याच्या मधल्या भागाने.

शिकंजा टोकाकडे सरकवला, साडेसात सेंटीमीटरवर रेघ नाहीशी झाली. वहीत लिहून ठेवलंय.

हात बसलेले, हसून घ्या.

हात बसलेला

हसलो. पण मार्कर मोकळ्या हातालाही चालतो, हे नवशिक्यांना सांगायला मीच विसरलो होतो. आज माझ्या सुरीवर लावून पाहिला. डाव्या बाजूला दोन ठिकाणी शाई शिल्लक राहिली. उजवा हात बसलाय म्हणायचा, डावा नाही.

पेठेतली सुगरण

मला एवढंच सांगा, तुमच्या त्या शिकंज्यात विळीचं पातं बसतं का?

बोथट सुरी

नाही बसत. वळणदार आहे, शिवाय खाली पाटाला जोडलेलं.

लेथवाला

काकू, विळीला शिकंजा लागतच नाही. पातं पाटाला जखडलेलं, पाट तुमच्या पायाखाली, फिरतो तो फक्त दगड. यंत्राचं निम्मं काम विळीत आधीच करून ठेवलंय. उरला कोन, तो जुना उतार बघून धरायचा. दगड छोटा घ्या, आणि धारेकडून पाठीकडे घासा, उलटं नको.

पेठेतली सुगरण

बरं. काका सोमवारी येणार होते, त्यांना विळी देत नाही या वेळी. सुऱ्या देणार.