चर्चा धागा : विद्रूपाला कलेत जागा असावी का?

धागा सुरू करणारे, बेळगाव

आमच्या वरच्या मजल्याचे बांधकाम सुरू आहे आणि दृष्ट लागू नये म्हणून गवंड्यांनी दर्शनी खांबाला राक्षसाचे तोंड टांगले आहे. त्याचे डोळे बटबटीत आहेत, सुळे बाहेर आलेले आहेत आणि जीभ हनुवटीखाली लोंबते. घरातील तरुण मंडळींना ते ओंगळ वाटते. मला मात्र वाटते की काही कामे सुंदर आकृतीला जमतच नाहीत, ती विद्रूपालाच करावी लागतात.

देवळाच्या दारावर कोरलेल्या राक्षसी तोंडाची, म्हणजे कीर्तिमुखाची, कथा पाहा. जालंधर दैत्याचा दूत म्हणून आलेल्या राहूला खाण्यासाठी शिवाच्या तिसऱ्या डोळ्यातून एक भुकेलेला प्राणी निघाला. राहू शरण आल्यावर त्याची भूक तशीच राहिली, म्हणून शिवाज्ञेने त्याने स्वतःचेच शरीर खाल्ले आणि शेवटी केवळ मुख उरले, ज्याला शिवाने आपल्या दारावर मानाची जागा दिली. भुकेचे इतके नेमके चित्र दुसरे कोणते असेल? हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात माणसाच्या धडावर वराहाचे मुख आहे आणि त्यापुढे आपण हात जोडतो. युरोपात या प्रकाराला ‘ग्रोटेस्क’ हे नाव मिळाले ते 1480 च्या सुमारास, रोममध्ये सम्राट नीरोच्या गाडल्या गेलेल्या महालाची दालने सापडली तेव्हा. भिंतींवर पाने, पशू आणि माणसे एकमेकांत मिसळलेली होती आणि ती दालने गुहेसारखी वाटल्यामुळे गुहेच्या इटालियन शब्दावरून हे नाव पडले. जे एका जातीत बसत नाही ते पाहण्याची सवय कला लावते, आणि ही सवय आपल्याला हवी आहे.

प्रतिसाद, निपाणी

आपला मुद्दा देवळापुरता मान्य आहे, परंतु विद्रूपाचा मोठा भाग देवळाबाहेर आहे आणि तेथे तो कोणाच्या तरी शरीरावरून उचललेला असतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, जुगुप्सा (किळस) सांगितला आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण हास्यरसाच्या विभावांत, म्हणजे रस उत्पन्न करणाऱ्या कारणांत, भरताने विकृत वेषाबरोबर ‘व्यंगदर्शन’ही मोजले आहे, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. दुसऱ्याचे व्यंग दिसणे हे हसण्याचे कारण म्हणून शास्त्रातच नोंदले गेले आहे.

माझ्या धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाला. गावच्या जत्रेत लंगड्याचे सोंग निघे, लोक हसून बेजार होत, आणि भाऊ त्या दिवशी घराबाहेर पडत नसे. सोंग आणणारा गुणी कलावंत होता, याबद्दल मला शंका नाही. त्याच्या कलेची किंमत मात्र माझ्या भावाने मोजली.

प्रतिसाद, चिक्कोडी

माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातच अशा चित्रांना दोष दिला होता, कारण त्यांत जे दाखवलेले असते ते प्रत्यक्षात नसते आणि असू शकतही नाही. जे नाही ते रंगवण्यात एवढी शक्ती का घालवावी?

प्रतिसाद, खानापूर

जे नाही ते रंगवायचे नाही असे ठरले, तर तळकोकणातील दशावतारातला काळ्या कापडातला, लाल जिभेचा संकासुर आजच हद्दपार करावा लागेल. मुले त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. त्यात कोणा शेजाऱ्याची नक्कल नसते.

निपाणीच्या ताईंचे दुःख मात्र खरे आहे, म्हणून एक उदाहरण देतो. स्पेनच्या राजदरबारात बुटक्या माणसांना करमणुकीसाठी ठेवत असत. चित्रकार वेलास्केस याने 1645 च्या सुमारास त्यांपैकी सेबास्तियान दे मोरा याचे चित्र काढले. तो जमिनीवर बसलेला आहे आणि थेट आपल्याकडे पाहतो. त्या नजरेसमोर हसू येत नाही. शरीर तेच असूनही चित्रकाराने हसणाऱ्यांची बाजू घेतली नाही, हा माझ्या मते खरा भेद आहे.

धागा सुरू करणारे

ताई, आपला प्रतिसाद वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. भुकेचे मुख आणि लंगड्याचे सोंग यांना मी एकाच मापाने मोजत होतो, ही माझी चूक झाली. विद्रूपाची बाजू मी सोडत नाही, पण ते कोणाच्या अंगावरून घेतले हे विचारल्याशिवाय तिची तरफदारी यापुढे करणार नाही.

प्रतिसाद, निपाणी

मग तोच प्रश्न आपल्या खांबावरच्या मुखवट्यालाही विचारावा. तो काळा आहे का? नाक चपटे आणि ओठ जाड आहेत का? सुळे आणि जीभ कोणाचीच नसते, पण रंग आणि नाक आपल्या आसपासच्या माणसांचे असते.

धागा सुरू करणारे

आज सकाळी शिडी लावून जवळून पाहिले. रंग काळाच आहे आणि नाकही आपण म्हणता तसेच आहे. गवंडी दुपारी येतील, तेव्हा सुळे आणि जीभ तशीच ठेवून चेहरा हिरवा रंगवता येईल का, हे त्यांना विचारणार आहे.