एचआयव्ही लस: टी पेशींचा प्रतिसाद वाढवायचा, म्हणजे नेमके काय वाढवायचे?

अनघा: मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे. ‘स्टेप’ या एचआयव्ही लसीच्या मानवी चाचणीबद्दल वाचताना एक गोष्ट मला उलगडत नाही. मर्क कंपनीच्या त्या लसीत ऍडिनोव्हायरस-५ हा वाहक (जनुके पेशींपर्यंत नेणारा निरुपद्रवी केलेला विषाणू) आणि एचआयव्हीची गॅग, पोल व नेफ ही जनुके होती. लस घेतलेल्या बहुतेकांच्या रक्तात एचआयव्हीविरोधी टी पेशी (संसर्ग झालेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) आढळल्याही, तरी लस संसर्ग रोखत नसल्याने सप्टेंबर २००७ मध्ये लसीकरण थांबवावे लागले. मग पेशीय, म्हणजे टी पेशींचा, प्रतिसाद ‘वाढवणे’ म्हणजे काय?

सुहास: अनघा, तुम्ही ज्या मोजणीबद्दल वाचले ती मुख्यतः एलिस्पॉट या प्रयोगशाळेतील चाचणीची. किती पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन स्रवतात एवढेच ती सांगते. त्या पेशी संसर्ग झालेल्या पेशीला मारतात का, हे तिच्यातून कळत नाही. ‘स्टेप’मधील टी पेशी विषाणूचे मोजकेच तुकडे ओळखत होत्या, आणि असा तुकडा उत्परिवर्तनाने बदलला की एचआयव्ही त्यांच्या हातून निसटतो. याउलट, औषधांविना विषाणू ताब्यात ठेवणाऱ्या ज्या थोड्या व्यक्ती असतात, त्यांच्यात एचएलए-बी ५७ हा (विषाणूचे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या रेणूचा) जनुकीय प्रकार वारंवार आढळतो, आणि त्यांच्या मारक टी पेशी गॅगच्या अशा भागांवर नेम धरतात, की ते भाग बदलले तर विषाणूचीच वाढ खुंटते. माझ्या मते खरा प्रश्न पेशींच्या संख्येपेक्षा या नेमाचा आहे.

मेधा: नेम महत्त्वाचा आहेच, पण संख्येचा प्रश्न इतक्या लवकर निकालात काढू नये. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, २००५ मध्ये भारतातील पहिली एचआयव्ही लस चाचणी सुरू झाली. पुढे पुणे आणि चेन्नई येथे आधी डीएनए लस व नंतर एमव्हीए (दुबळा केलेला व्हॅक्सिनिया विषाणू) वाहकाची लस असा प्राइम-बूस्ट, म्हणजे एका लसीने सुरुवात करून दुसरीने प्रतिसाद वाढवण्याचा, क्रम तपासला गेला. तो सुरक्षित ठरला, प्रतिसाद मात्र माफकच मिळाला. नुसती डीएनए लस टोचली तर पेशींच्या आत फार थोडा डीएनए पोहोचतो. म्हणूनच इलेक्ट्रोपोरेशनचे सौम्य विद्युत्स्पंद आणि आयएल-१२ या टी पेशींना चेतवणाऱ्या प्रथिनाचे जनुक असलेले प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे वर्तुळ) यांची जोड देण्याचे प्रयोग झाले, आणि इलेक्ट्रोपोरेशनमुळे प्रतिसाद स्पष्टपणे वाढला.

सुहास: मेधाताई, हे मान्य आहे. तरीही डीएनए आणि ऍडिनोव्हायरस-५ यांचा क्रम वापरणारी, सुमारे २५०० स्वयंसेवकांची एचव्हीटीएन ५०५ चाचणी २०१३ मध्ये संरक्षण दिसत नसल्याने थांबली, हे विसरता येत नाही. मला सर्वाधिक आशा सायटोमेगॅलोव्हायरस (नागीण कुळातील एक विषाणू) वाहकाकडून वाटते. तो शरीरात टिकून राहतो, त्यामुळे टी पेशी ऊतींमध्येच सज्ज राहतात. ओरेगॉनमधील लुई पिकर यांच्या प्रयोगांत लस दिलेल्या माकडांपैकी सुमारे निम्म्यांनी, संसर्ग झाल्यानंतरही, एसआयव्ही (माकडांमधील एचआयव्हीसारखा विषाणू) आटोक्यात आणला आणि कालांतराने तो शरीरातून नाहीसा झाला. त्यांच्या मारक पेशी नेहमीच्या मार्गाऐवजी एमएचसी-ई या (विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर दाखवणाऱ्या) रेणूमार्फत विषाणू ओळखत होत्या. याच धर्तीवरील लसीची मानवी चाचणी २०२३ मध्ये अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली.

अनघा: दोघांचेही आभार. माझ्या प्रकल्पात मी केवळ एलिस्पॉट ठेवले होते; आता त्याच नमुन्यांतील मारक पेशी संवर्धनात विषाणूची वाढ प्रत्यक्ष रोखतात का, ही चाचणीही घेण्याबद्दल मार्गदर्शकांशी बोलते.