भाविकाला एक दिवस जास्त थांबवायचा तर कुठे? सोलापूर शहरात की गावाकडे? (चौघांची लेखी चर्चा, प्रत्येकाचं टोपणनाव वर दिलंय.)

भीमाकाठचा

बारा वर्षं गाडी चालवतोय. पहाटे स्टेशनवर भाविक घ्यायचे, अक्कलकोटला स्वामींचं दर्शन, तिथून तुळजापूर, वेळ उरला तर पंढरपूर, आणि रात्री मुंबईच्या सिद्धेश्वर एक्सप्रेससाठी परत स्टेशन. पंधरा-सोळा तास ही माणसं माझ्या गाडीत असतात. पैसा जातो हार-प्रसादावर, डिझेलवर आणि हायवेच्या ढाब्यावर. वाटेतल्या गावात एक रुपया उतरत नाही.

माझं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग कुडलच्या जवळ. तिथे भीमा आणि सीना एकमेकींना भेटतात. संगमावरच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या कोरीव अक्षरांपैकी ती अक्षरं. तिथेच ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. "चला, दाखवतो" असं किती जणांना म्हणालो असेन, पण बारा वर्षांत चार-पाच कुटुंबंच आली. जी आली ती दोन तास तिथून हलली नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. पर्यटनाचा पैसा शहरात कारंजी आणि रोषणाईवर घालू नका. गावात घाला. नीट रस्ता, बायकांसाठी स्वच्छतागृह, दोन-चार घरांत मुक्कामाची सोय. शहराला गिऱ्हाईक मिळतंच, गावाला मिळत नाही.

पूर्व भाग

दादा, तळमळ पटली. पण "शहराला गिऱ्हाईक मिळतंच" हे कुठून आणलंत? वडील इथे शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते, चुलते अजून आहेत. आमच्या गल्लीतले निम्मे माग भंगारात गेले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी स्टेशनवर उतरलेला माणूस तिच्या नावाखाली बाहेरून आलेला माल घेऊन जातो. खरी चादर विणताना त्याने कधी बघितलेलीच नसते, मग फरक कळणार कसा?

तुम्हीच लिहिलंत की गाडी रात्रीची असते. दर्शन लवकर उरकलं तर संध्याकाळचे चार तास लोक फलाटावर पिशव्या राखत बसतात. ते चार तास शहराला द्या. चालता माग दाखवा, जकार्डवर, म्हणजे मागाला नक्षी विणायला लावणाऱ्या यंत्रावर, ती कशी उतरते ते दाखवा. भुईकोट किल्ला आहे, सिद्धेश्वर तलाव आहे, चीनमध्ये जाऊन युद्धातल्या जखमींची सेवा करणाऱ्या डॉ. कोटणीसांचं घर आहे. चार हुतात्म्यांचा चौक आहे. मे १९३० मध्ये या शहराने इंग्रजांचा अंमल झुगारला म्हणून इथे मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी, चौघं एका दिवशी. त्या चौकातून रोज शेकडो गाड्या जातात. कुठला गाडीवाला थांबून हे सांगतो? तुम्ही सांगता का?

भीमाकाठचा

नाही सांगत. चुकतंय माझं, आता सांगेन.

पण चार तासांत माणूस एक चादर घेईल आणि जाईल. गावात एक रात्र राहिला तर दूध एकाचं, भाजी दुसऱ्याची, भाकरी तिसऱ्या घरची. पैसा फिरतो.

आगटीवाली

भाकरी तिसऱ्या घरची म्हणालात, म्हणून लिहिते. मंगळवेढ्याच्या बाजूला आमचं शेत आहे, तीन वर्षं हुरडा चालवतेय. घरात पाहुणे ठेवायची सोय म्हणजे काय, ते त्या घरातल्या बाईला विचारा. पहाटे चारला उठायचं, पाणी तापवायचं, वीस जणांच्या भाकऱ्या थापायच्या, धपाटे, शेंगाची चटणी कुटायची, पाहुणे निजल्यावर भांडी. आणि पैसे घेतो घरातला पुरुष. माझ्याकडे सहा जणी येतात, ज्वारीची कणसं निखाऱ्यांच्या आगटीत घालायला आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढायला. तळहात भाजतात हो त्यांचे. मी त्याच संध्याकाळी प्रत्येकीच्या हातात रोख देते. ही अट नसेल तर तुमचा गावातला मुक्काम मला नको.

दुसरं, हंगाम. कणीस दुधावर असतं तोवरच हुरडा, डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात. पाच-सहा आठवड्यांत वर्ष निघत नाही. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, नोंदणी केली, प्रमाणपत्र भिंतीवर आहे. पण एप्रिलमध्ये आमच्याच विहिरीत पाणी नसतं, तेव्हा पाहुण्याला अंघोळीला काय देऊ?

आणि स्पीकर लावायला मिळेल का, असं फोनवर विचारणाऱ्यांना मी नाही म्हणते. गिऱ्हाईक जातं. जाऊ दे.

नान्नजचा

ताईंच्या शेवटच्या ओळीला माझा पाठिंबा. आमच्याकडे, सोलापूरजवळ नान्नजला, माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं. ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे कमी करून १,२२२ वर आणलं. जमीन विकताना, घर बांधताना आमच्या माणसांनी काय सोसलं ते आम्हाला ठाऊक. मी शाळेत असताना नर माळढोक मान फुगवून उभा असलेला पाहिलाय. माझ्या मुलाने पाहिलेला नाही.

आता सुट्टीच्या दिवशी फोटोसाठी काळविटांच्या मागे गाड्या घालतात. गवत म्हणजे मोकळी जागा असं लोकांना वाटतं. त्याच गवतात टिटवी अंडी घालते, लांडगीण पिल्लं लपवते. भीमाकाठचे दादा, गावात पर्यटन हवं म्हणताना सगळी गावं एका मापाने मोजू नका. कुडलला शंभर माणसं आली तर दगडाला काही होणार नाही. आमच्या माळावर दहाच यावीत, पायी आणि गप्प.

पूर्व भाग

हंगामाचं ताईंनी सांगितलं त्यावर एक सुचतंय. १२ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन, लगेच संक्रांतीला सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, मिरवणुकीतल्या उंच काठ्या म्हणजे सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा, आणि ऐन तेव्हाच तुमचं कणीस भरलेलं. तोच आठवडा धरून लोकांना बोलवावं. दुपारी शेत, संध्याकाळी गड्डा. मात्र झोपायला शहरात, कारण लॉज इथे आहेत.

आगटीवाली

दुपारचं चालेल. रात्रीच्या भाकऱ्या वाचतील. पण आमच्याकडून सोलापूर तास-सव्वा तास लांब आहे, तेवढं धरूनच बोलवा.

भीमाकाठचा

बायकांच्या हातात रोख, हे मला सुचलं नव्हतं. आमच्या गावात कधी सोय झाली तर हीच अट पहिली घालू. नान्नजला मी गाडी डांबरी सोडून आत घालणार नाही, शब्द.

झोपायला शहरात, हे मात्र मान्य नाही. संगमावरची पहाट लॉजच्या खिडकीतून दिसत नाही. तिथे एक तरी खोली व्हायला पाहिजे, यावर मी ठाम आहे.

पूर्व भाग, या रविवारी नाशिकचे सहा जण आहेत माझ्याकडे. पाच वाजेपर्यंत तुळजापूरहून परत येतो. चालता माग कुठे बघायला मिळेल?

पूर्व भाग

आमच्या गल्लीत रविवारी माग बंद असतो. शनिवारी आणता आलं तर चुलत्यांना सांगून ठेवतो, आठपर्यंत चालू ठेवतील.