सापळ्यात नर माश्या भरपूर, तरीही मानकुरादात अळ्या का?

प्रश्न : डिचोलीचा बागायतदार
आमच्या बागेत मानकुराद आंब्याची अकरा जुनी झाडे आहेत. यंदा एप्रिलच्या आरंभीच फळमाश्यांना खेचणाऱ्या मिथाईल युजेनॉल या गंधद्रव्याचे सापळे टांगले आणि पंधरवड्यात प्रत्येक बाटलीच्या तळाशी मेलेल्या फळमाश्यांचा बोटभर थर साचला. तरीही मे महिन्यात आंबा कापला की कोयीलगतचा गर पाणी सुटलेला आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत असलेल्या दिसतात. कीटकांना वास ज्या जनुकांमुळे कळतो त्यांच्या अभ्यासातून याचा काही उलगडा होतो काय? आणि वर्षानुवर्षे तोच वास वापरल्याने माशी त्याला दाद देईनाशी होईल काय?

उत्तर : कीटकशास्त्राचा अध्यापक, फोंडा
आपल्या बाटलीत पडलेल्या माश्या जवळजवळ सगळ्या नर असणार, आणि अंडी घालते ती मादी. तिला हा वास फारसा खेचत नाही. ती पिकू लागलेल्या फळाच्या वासामागे जाते.

माशीचे नाक म्हणजे तिच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरील मिशा. त्यांवरील सूक्ष्म केसांच्या छिद्रांतून गंधाचे रेणू आत शिरतात आणि चेतापेशीच्या पटलावरील ग्राही, म्हणजे गंध ओळखणाऱ्या, प्रथिनाला जाऊन भिडतात. हा ग्राही जोडीने काम करतो : एक प्रथिन गंधागणिक वेगळे असते, तर ‘ऑर्को’ नावाचे दुसरे बहुतेक कीटकांत जवळपास सारखेच असते आणि त्याच्यावाचून पहिले निकामी ठरते. सस्तन प्राण्यांतील गंधग्राहींची जनुके १९९१ साली सापडली, पण कीटकांची जनुके त्यांच्याशी मुळीच जुळत नसल्यामुळे ती हाती यायला १९९९ साल उजाडले. तीही प्रथम ड्रोसोफिला या छोट्या माशीत, सुमारे ६०. आंब्यावरील फळमाशीत मिथाईल युजेनॉल ओळखण्याच्या कामी ‘ओआर ८८ ए’ या ग्राहीचा वाटा असल्याचे प्रयोगांत दिसले आहे. ऑर्कोचे जनुक दाबणारा आरएनए खाऊ घातलेले नरही या वासाकडे कमी वळले, परंतु हे सारे अद्याप प्रयोगशाळेतले काम आहे.

नर इतका वेडावतो त्याचेही कारण आहे. तो हे द्रव्य खातो, शरीरात त्याचे रूपांतर करून गुदग्रंथीत साठवतो आणि संध्याकाळी मादीला बोलावताना तेच हवेत सोडतो. असा नर मीलनात सरस ठरतो. मात्र वयात आल्यावरच त्याला ही ओढ लागते, म्हणून सापळ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी काहींचे मीलन होऊन गेलेले असते. शिवाय शेजारच्या बागेतून आधीच फलित झालेली मादी आली, तर आपल्या सापळ्यांचा तिच्यापुढे इलाज नाही. १९६०च्या दशकात प्रशांत महासागरातील रोटा बेटावर याच द्रव्यात कीटकनाशक मिसळून ही माशी संपवता आली, ती सबंध बेटावर एकाच वेळी उपाय केल्यामुळे.

दाद न देण्याविषयी आपली शंका रास्त आहे. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या न वळणारे नरच पैदाशीसाठी निवडल्यावर पुढच्या पिढ्यांची ओढ घटलेली आढळली आहे.

उत्तर : सत्तरीतील शेतकरी
आमच्या वाड्यावरील सर्वांनी मिळून सापळे लावल्यावरच फरक जाणवला. मुख्य म्हणजे गळलेला आंबा झाडाखाली राहू देऊ नये, कारण अळी फळातून निघून मातीत कोषावस्थेत जाते. आम्ही रोज सकाळी फळे वेचून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतो आणि उन्हात ठेवतो.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचा आभारी आहे. अंगणातील तुळशीवृंदावनावर सकाळी याच माश्या पानांना तोंड लावून बसलेल्या दिसत. त्याचा अर्थ आता कळत आहे.

उत्तर : अध्यापक
आपले निरीक्षण अचूक आहे. तुळशीच्या पानांत मिथाईल युजेनॉल असते आणि तेथे येणारे बहुधा नरच. तुळस तोडू नका. उलट तिथे पहिल्या माश्या दिसतील त्या दिवशी शेजाऱ्यांना निरोप धाडा आणि सर्वांचे सापळे एकदम लावा.