ताहितीतलं 'पुरातन' लग्न
कुणी कुणी म्हणतं की ताहितीत, म्हणजे प्रशांत महासागरातल्या फ्रान्सच्या अखत्यारीतल्या बेटावर, पाहुण्या जोडप्यांची लावतात ती लग्नं अगदी पुरातन पद्धतीची असतात. अर्धंच खरं आहे. शंख फुंकतात, पुजारी ताहितियन भाषेत आशीर्वाद देतो, दोघांना ताहितियन नावं मिळतात, ती तापावर, म्हणजे झाडाची साल कुटून केलेल्या कापडावर लिहून देतात. मग दोघांभोवती मिळून एकच तिफाइफाई गुंडाळतात. मोठाली पानंफुलं कापून शिवलेली ही रंगीत चादर फार देखणी दिसते. पण गंमत अशी की हे शिवणकाम बेटांवर आणलं १९व्या शतकात मिशनऱ्यांच्या बायकांनी! आणि हो, कायद्याने हे लग्न नव्हेच. तिथे फ्रेंच कायदा, खरं लग्न नगरपालिकेत. म्हणूनच आधीच लग्न झालेली जोडपीही तिथे बिनधास्त पुन्हा बोहल्यावर चढतात.