‘पान्हा’ म्हणजे नेमकं काय? (आणि गाय तो ‘चोरते’ म्हणजे?)

मी पशुवैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला आहे, घर नाशिकला. शिकवणं, परीक्षा सगळं इंग्रजीत. पण पुढे बोलायचंय ते सिन्नर-दिंडोरीच्या गोठ्यांत, म्हणून शरीरक्रियाशास्त्राची माझ्यापुरती टिपणं मराठीत काढते. ‘मिल्क सिक्रीशन’ला ‘दुग्धस्राव’ लिहिलं आणि दोन पानांनी ‘मिल्क लेट-डाऊन’ (तयार दूध सडांत उतरणं) आलं, तर त्यालाही ‘दुग्धस्राव’च सुचला. तिथे अडले.

मग सुट्टीत घोटीजवळ मामांकडे गेले. त्यांची डांगी गाय आहे. मी हौसेने चरवी घेऊन बसले, तर मामा म्हणाले, “थांब गं, पान्हवली नाही अजून ती.” आणि नंतर, “तू परकी आहेस ना, चोरणारच.” पान्हा म्हणजे दूधच का? आणि ‘चोरते’ ही नुसती बोलायची रीत, की आत खरंच काही घडतं?

—

पान्हा म्हणजे दूध नव्हे. ‘दोन लिटर पान्हा’ असं कुणी म्हणतं का? दूध मापतात, घालतात, नासतं. पान्हा येतो, फुटतो, गाय तो सोडते नाहीतर चोरते. क्रियापदं बघ, उत्तर तिथेच आहे.

आमच्याकडे चार जनावरं आहेत. कासेला कोमट पाण्याचा हात फिरवला, वासराने दोन ढुशा दिल्या, की लोंबते सड बघता बघता टरारतात, हाताला ऊन लागतात. तो पान्हा. त्याआधी पिळलंस तर चार चिळकांड्या आणि एक लाथ. मागच्या लग्नसराईत शेजारी बँड वाजला, त्या संध्याकाळी माझ्या गायीने निम्मंच दूध दिलं. निम्मं कासेतच.

—

ताईंनी क्रियापदांवरून जे सांगितलं, ते शास्त्राला धरून आहे. (मी निवृत्त पशुवैद्य, चूक दिसली तर बिनधास्त सांगा.)

दूध कासेत दिवसरात्र तयार होत असतं. पण गायीच्या कासेत सडाच्या वरच्या टाकीत साधारण पाचवा हिस्साच उतरलेला असतो. बाकीचं वर बारीक बारीक पिशव्यांत अडकलेलं, ते पिळून येत नाही. वासराची ढुशी किंवा हाताचा स्पर्श मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जातो, मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात सुटतं, ते कासेत पोचलं की पिशव्यांभोवतीच्या स्नायूसारख्या पेशी आवळतात आणि दूध खाली ढकललं जातं. गायीत हे मिनिटभरात होतं आणि पाच-सात मिनिटांत ओसरतं. म्हणून धार एका बैठकीत संपवायची, मधे फोन घ्यायचा नाही. म्हशीच्या टाकीत दूध जेमतेम ५ टक्के असतं, पान्हवायलाही ती दोन-तीन मिनिटं घेते. म्हशीला हट्टी म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

आता ‘चोरणे’. जनावर बिचकलं की मेंदूकडून ऑक्सिटोसिन सुटणंच अडतं. शिवाय ॲड्रेनलिनमुळे, म्हणजे भीतीच्या वेळी सुटणाऱ्या संप्रेरकामुळे, कासेच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे सुटलेलंही नीट पोचत नाही. दूध खरंच आत राहतं. पण गाय ते ठरवून ठेवत नाही. शब्द अचूक, आरोप खोटा! चोरते म्हणून काठी उगारणारे पाहिलेत मी. मग ती आणखी चोरते.

जाता जाता आणखी एक शब्द, ‘फूका’. जनावराच्या योनीत हवा फुंकून दूध काढण्याचा अघोरी प्रकार. तिथला ताणही मेंदूला तोच निरोप देतो, म्हणून तो चालायचा. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६०च्या कायद्यात, १२व्या कलमात, हा शब्द जसाच्या तसा आहे, आणि दूध वाढवण्यासाठी दिलेली अपायकारक इंजेक्शनंही त्याच ओळीत बसवली आहेत.

—

व्युत्पत्तीची भर घालतो. संस्कृत ‘प्रस्नव’, प्राकृतात ‘पण्हव’, मराठीत ‘पान्हा’. धातू ‘स्नु’, म्हणजे पाझरणे. तेव्हा हे मुळात क्रियेचंच नाव, पदार्थाचं नव्हे. ‘स्राव’ आला ‘स्रु’वरून, वाहणे. तो घामालाही चालतो, जखमेलाही. पान्हा फक्त आईचा. बाळ रडलेलं कानावर पडताच बाईचं दूध सुटतं, तेही याच ऑक्सिटोसिनने. त्यामुळे ‘मायेचा पान्हा’ला मी अलंकार म्हणायला जरा कचरतो.

—

ताई, काका, सगळ्यांचे आभार. वहीत बदल केला: सिक्रीशनला ‘दूधनिर्मिती’, लेट-डाऊनला ‘पान्हा’. ‘दुग्धस्राव’ खोडला.

मामांना फोन करून ॲड्रेनलिनचं सगळं ऐकवलं. ते म्हणाले, “म्हणजे तुला घाबरली ती. मी वेगळं काय म्हणालो?” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आंबोणाची पाटी घेऊन नुसतं गायीच्या तोंडाशी उभं केलं आणि धार स्वतः काढली. चौथ्या दिवशी मला बसू दिलं. पान्हवली.

एक शंका राहिलीच. मामी म्हणतात, “वासराने गाय पान्हवली”, आणि मामा म्हणतात, “गाय पान्हवली”. तुमच्याकडे दोन्ही चालतात का?